‘बापाचं रक्त’ आणि दुखण्याची गोळी

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. दवाखाना बंद करून मी वर घरी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात खालून हाका ऐकू आल्या. रिक्षात एका तरुणाला आडवे घातले होते. वय साधारण चौतीस. रात्रपाळीला मागावर उभा असताना त्याला एकाएकी फिट आली होती. जीभ चावली गेली होती, शर्टावर रक्त होते. याआधी त्याला कधीही फिट आलेली नव्हती. मी इंजेक्शन दिले, सोबत चिठ्ठी देऊन त्याला सिव्हिलला पाठविले आणि त्याच्या पत्नीला विचारले, “हा काही गोळ्या घेतो का?” ती खाली मान घालून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली आणि माझ्या टेबलावर प्लास्टिकची एक पिशवी उपडी केली. आत ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीची रिकामी पाकिटे होती. काही कपाटामागे सापडली होती, काही मोटरसायकलच्या डिकीत. त्या ढिगात घडीवर फाटत आलेली एक चिठ्ठीही होती, चौदा महिन्यांपूर्वीची. पाच दिवसांच्या गोळ्या, दिवसातून दोन वेळा. अक्षर माझेच होते.

या सदरात आजवर मधुमेह, दमा, मुलांचे जुलाब अशा विषयांवर मी लिहिले, आणि लिहिताना माझी भूमिका सल्ला देणाऱ्याची होती. आजच्या विषयात ती तशी राहणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा तरुण आणि त्याचा धाकटा भाऊ अक्कलकोट रस्त्यावर मोटरसायकलवरून पडले होते. थोरल्याच्या नडगीचे हाड मोडले, धाकट्याचे गळपट्टीचे. हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले. चार दिवसांनी दोघेही ‘फार दुखतंय’ म्हणून माझ्याकडे आले आणि मी दोघांनाही एकच गोळी लिहून दिली. धाकट्याने दोन दिवसांत ती बंद केली. त्याला मळमळायचे, डोके गरगरायचे, ‘दुखलेलं परवडलं’ म्हणाला. थोरल्याचे तसे झाले नाही. शुद्धीवर आल्यानंतर, काही दिवसांनी, त्याने मला जे सांगितले ते मी विसरणार नाही. “डॉक्टरसाहेब, पहिली गोळी घेतली तेव्हा पाय तर थांबलाच, पण मनातली किटकिटसुद्धा थांबली. मला वाटलं, बाकीची माणसं रोज अशी जगतात होय!”

पाय बरा झाला, प्लॅस्टर निघाले, गोळी राहिली. माझी चिठ्ठी घेऊन तो एका मेडिकलमधून दुसऱ्या मेडिकलमध्ये जाऊ लागला. कोणी चिठ्ठी बघायचे, कोणी बघायचेही नाही. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. गोळी घेतली की बारा तासांची पाळी उभ्याने निघायची, वर ओव्हरटाइमही जमायचा, त्यामुळे घरी पैसेही चार जास्त येत होते. फिट आली तेव्हा तो दिवसाला अठरा-वीस गोळ्यांवर पोहोचला होता. पन्नास मिलिग्रॅमची गोळी धरली तर दिवसाला आठच्या वर कोणत्याही मोठ्या माणसाला देत नाहीत. ट्रॅमाडॉल प्रमाणाबाहेर गेले की फिट येऊ शकते, हे आम्हा डॉक्टरांना पुस्तकातून ठाऊक असते.

आता मुद्द्याकडे येतो. सिव्हिलच्या वॉर्डाबाहेर त्याची आई बसली होती. मला पाहताच म्हणाली, “ह्याच्या बापाचं रक्त आहे सायेब. दुसरं काय होणार?” गिरणी बंद पडल्यावर वडील दारूत गेले आणि यकृत खराब होऊन वारले, हे मला तेव्हा प्रथम कळले. एक चुलताही तसाच गेला होता. ही मंडळी माझ्याकडे सहा-सात वर्षे येत होती. मी रक्तदाब विचारला होता, साखर विचारली होती, ‘घरात कुणाला हृदयविकार?’ हेही विचारले होते. ‘घरात कुणाला व्यसन?’ हे मात्र कधी विचारले नव्हते. संकोच वाटतो, समोरच्याला अपमान वाटेल असे वाटते, आणि खरे सांगायचे तर बाहेर तीस पेशंट बसलेले असतात.

अफूचे गोत

ट्रॅमाडॉल, कोडीन, टॅपेन्टाडॉल, मॉर्फिन ही नावे वेगळी असली तरी मेंदूत यांचे काम अफूसारखेच चालते. मॉर्फिन व कोडीन थेट अफूच्या बोंडातल्या चिकातून मिळतात. ट्रॅमाडॉल व टॅपेन्टाडॉल कारखान्यात बनतात. ऐंशीच्या दशकात ज्या ‘गर्द’ने मुंबई-पुण्यातील कितीतरी तरुण मुले नासवली, तेही याच गोतातले. त्याच गर्दच्या लाटेत, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्या वेळी व्यसन म्हटले की पुडी आणि अंधारी गल्ली डोळ्यांसमोर यायची. आज तेच गोत चांदीसारख्या चकचकीत पाकिटात, तारीख-किंमत छापून, उजेडात मिळते.

तसे पाहिले तर अफू आपल्या घरांना नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीला जाताना तान्ह्या बाळाला अफूची ‘बाळागोळी’ चाटवून निजवीत असत. १९२२ मध्ये एका डॉक्टरीणबाईंनी केलेल्या पाहणीचा आकडा सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये छापला गेला: कामगार स्त्रियांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जात होती. आई निर्दयी होती असे नव्हे. तिला पाळी चुकवता येत नव्हती. आमच्या तरुणालाही चुकवता येत नव्हती.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभर करवून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार अफूच्या गोतातले काही ना काही घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास निघाले. त्यांत औषधी गोळ्या, सिरप, इंजेक्शने यांचा असा वापर करणारे लोकसंख्येच्या शेकडा सुमारे एक. म्हणजे हा प्रश्न केवळ पंजाबचा किंवा ईशान्येचा आहे, असे म्हणून सुटका नाही.

मेंदूत हे कसे चालते? आपल्या मेंदूतील पेशींवर काही खास कुलपे असतात. त्यांना शास्त्रात ग्राही म्हणतात. १९७३ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी अफूचे कुलूप दाखवून दिले. मग प्रश्न आला की माणसाच्या मेंदूत अफूसाठी कुलूप कशाला? दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी उत्तर दिले. आपले शरीर स्वतःच त्या कुलपाच्या किल्ल्या बनविते. दुखणे दाबायला, जिवाला बरे वाटायला. अफूची गोळी ही बाहेरून आलेली जाडजूड किल्ली. ती रोज फिरू लागली की शरीर स्वतःच्या किल्ल्यांचे काम आवरते घेते, कुलपेही बोथट होतात. मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त गोळ्या लागतात, आणि गोळी बंद केली की नाक गळते, जांभया येतात, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, पाय ओढतात, झोप उडते. इथवरची हकीकत जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत खरी आहे. महिनाभर रोज या गोळ्या घेतल्या तर तुमचे-आमचे शरीरही कुरकुर करील.

पण शरीराला सवय होणे वेगळे आणि गोळीवाचून जगणे अशक्य वाटणे वेगळे. ऑपरेशननंतर हजारो लोक ही औषधे घेतात आणि विसरूनही जातात. मोजकेच अडकतात. तेच का अडकतात? आनुवंशिकतेचा प्रश्न येतो तो येथे.

जुळ्या भावांची गोष्ट

रक्तातून काय येते आणि संगतीतून काय, हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ जुळ्यांकडे जातात. काही जुळी हुबेहूब एकसारखी असतात. एकाच बीजाचे दोन भाग झालेले असल्याने त्यांची सगळी जनुके एक. दुसरी जुळी नुसती एकाच वेळी जन्मलेली, एरवी साध्या भावंडांसारखी, म्हणजे निम्मी जनुके समान. घर, आईबाप, गल्ली, शाळा दोन्ही प्रकारांत एकच. आता एक भाऊ व्यसनात पडला तर दुसराही पडण्याचे प्रमाण हुबेहूब जुळ्यांत जास्त आढळले, तर तो जास्तीचा भाग जनुकांच्या खाती मांडायचा.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या जुळ्या भावांची अशी नोंदवही आहे. तिच्यातील तीन हजारांहून अधिक जोड्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघाला. गांजा, उत्तेजके वगैरेंच्या बाबतीत जनुकांचा बराच भाग सामाईक होता, म्हणजे कोणत्याही व्यसनाकडे झुकविणारा. अफूच्या बाबतीत मात्र तिचा असा स्वतंत्र भाग मोठा दिसला.

‘निम्मा’ हा शब्द फार घोटाळा करतो. त्या आईला मी हे सांगितले तेव्हा ती लगेच म्हणाली, “म्हणजे माझ्या दोनातला एक जाणारच होता की!” असे मुळीच नाही. शंभर माणसांत कोणी अडकतो, कोणी अडकत नाही. हा जो माणसामाणसांतला फरक, त्यातला सुमारे निम्मा जनुकांतील फरकांशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. एकट्या माणसाला तो आकडा लावताच येत नाही. आपल्या सोलापुरी चादरीत उभा धागा किती आणि आडवा किती हे मोजता येईल. पण चादरीच्या उबेपैकी किती ऊब उभ्या धाग्याची, असे कोणी विचारले तर कारागीर हसेल.

त्याच युद्धातील दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांना हेरॉईन स्वस्त आणि सहज मिळत होते, आणि साध्या शिपायांपैकी पाचातला एक जण त्याच्या आहारी गेला होता. हे सगळे परत आल्यावर देशाचे काय होणार, या धास्तीने ली रॉबिन्स या संशोधक बाईंना त्यांचा मागोवा घ्यायला सांगण्यात आले. आढळले ते उलटेच. तिकडे व्यसनाधीन झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते शेकडा पाचच्या आसपास. माणूस तोच, जनुके तीच. बदलले ते ठिकाण, भोवतालची माणसे आणि पदार्थ मिळण्याची सोय.

‘व्यसनाचे जनुक’ सापडले काय?

वर ज्या कुलपाचा उल्लेख केला, ते बनविण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे त्यात एका ठिकाणी एका अक्षराचा फरक आढळतो. ११८ व्या जागी ‘ए’ ऐवजी ‘जी’. या एका अक्षरावर जगभर ढीगभर संशोधन झाले आहे. कोलकात्यातील संशोधकांनी २०१० मध्ये पूर्व भारतातील रुग्ण तपासून सांगितले की ‘जी’ असणाऱ्यांना अफूच्या व्यसनाचा धोका जास्त. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत युरोपीय वंशाच्या ऐंशी हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला. तेथेही हेच अक्षर नजरेत भरले, पण उलट्या अंगाने: ‘जी’ असणाऱ्यांचा धोका किंचित कमी! शिवाय दोन्हीकडे परिणाम अगदी बारीक.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. युरोपीय लोकांत हे ‘जी’ शंभर प्रतींत दहा-पंधरा असते. आपल्याकडे ते चाळीसच्या आसपास असते. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्या हिशेबाने तुमच्या-माझ्यासारख्या निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगात हे अक्षर आहे. तेवढ्यानेच माणूस व्यसनी होत असता तर नवी पेठेत दुकाने उघडायला कोणी उरले नसते. थोडक्यात, असे एक जनुक नाही. बारीक बारीक ढकलणारी शेकडो असावीत. कोणी कुलपावर काम करणारे, कोणी उतावळेपणावर, कोणी उदासीवर, कोणी वेदना किती जाणवते यावर.

एका बाबतीत मात्र जनुकाचा परिणाम ठळक दिसतो, आणि तो मेंदूत नाही, यकृतात आहे. कोडीन स्वतः फारसे काही करीत नाही. यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे मॉर्फिन बनविते, मग काम सुरू होते. ट्रॅमाडॉलचेही जोरकस रूप त्याच विकराने तयार होते. काही लोकांत या विकराचे जनुक निकामी असते (आपल्याकडे शंभरात दोन ते पाच), तर काहींमध्ये त्याच्या जादा प्रती असतात. पहिल्याला गोळी लागू पडत नाही आणि आम्ही त्याला ढोंगी समजतो. दुसऱ्यात झपाट्याने मॉर्फिन बनते आणि साध्या डोसानेही तो झिंगतो, क्वचित त्याचा श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही मुले अमेरिकेत यामुळे दगावली. २०१७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने बारा वर्षांखालील मुलांना कोडीन आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल देऊ नये, असे स्पष्ट बजावले. खोकल्याचे सिरप घरात पडले आहे म्हणून मोठ्याचे लहानाला पाजणाऱ्या आयांनी बाटलीवर कोडीन लिहिले आहे का, ते आधी वाचावे. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे.

मग तपासणी करून आधीच का कळू नये? धाकट्या भावाने मला नेमके हेच विचारले. “साहेब, गालातून कापूस फिरवून टेस्ट करतात म्हणे. माझी करा की. पैसे लागले तर लागू देत.” अशी एक तपासणी आहे खरी. पंधरा जनुकीय फरकांवर आधारलेल्या ‘ॲव्हर्टडी’ नावाच्या चाचणीला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण त्याआधी २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी तिच्या विरोधात कौल दिला होता. नंतर साडेचार लाखांवर माजी सैनिकांच्या माहितीवर ते पंधरा फरक पडताळून पाहिले, तेव्हा नाणे उडवून सांगावे त्यापेक्षा अंदाज फारसा सरस ठरला नाही. यात दोन धोके आहेत. ‘धोका नाही’ असा कागद हाती आला की माणूस बिनधास्त गोळ्या खाईल. ‘धोका आहे’ असा आला तर तो कागद सोयरिकीत, नोकरीत, कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. मी त्याला म्हणालो, “तुझे पैसे ठेव. तुझ्या आईने वॉर्डाबाहेर एका वाक्यात जे सांगितले, ते त्या टेस्टपेक्षा जास्त उपयोगाचे आहे.”

ते खरोखरच तसे आहे. लिन वेबस्टर या अमेरिकी डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रश्नांचा एक लहानसा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात कोणतीही महागडी तपासणी नाही. घराण्यात कुणाला दारू वा अन्य व्यसन आहे का, स्वतःला होते का, वय सोळा ते पंचेचाळीसमध्ये आहे का, लहानपणी अत्याचार झाला होता का, मनाचा काही आजार आहे का, एवढेच प्रश्न. आता मी हे विचारतो. बाईमाणूस असेल तर सोबतच्यांना बाहेर बसवून विचारतो. मिश्री-तंबाखूचेही विचारतो, कारण सोलापुरात त्याला कोणी व्यसन समजतच नाही. पहिल्या महिन्यात दोघे जण रागावून उठून गेले. त्यातले एक परत आले.

उत्तर ‘होय’ आले म्हणजे औषध बंद, असेही नव्हे. कंबरदुखीसाठी मी या गोतातले औषध आता सहसा लिहीत नाही. मागावर वाकून काम करणाऱ्यांना, विड्या वळताना दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या बायकांना व्यायाम, शेक, बसण्याची पद्धत बदलणे आणि लागली तर साधी पॅरासिटामॉल यांनी बराच फरक पडतो. वेळ लागतो, आणि वेळ कोणाकडे नसतो, ही अडचण आहेच. हाड मोडले, ऑपरेशन झाले, तर तीन दिवसांच्या गोळ्या, त्याही घरातल्या जबाबदार माणसाच्या हाती, आणि चौथ्या दिवशी मला दाखवायला यायचे.

येथे एक उलटा इशारा द्यायलाच हवा. हा लेख वाचून कोणी कॅन्सरच्या रुग्णाचे मॉर्फिन बंद करू नये. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात किंवा मुंबईला टाटाला उपचार घेणारे आपल्या भागातले किती तरी लोक घरी येऊन अखेरचे दिवस काढतात. ‘सवय लागेल’ या भीतीने घरचेच त्यांची गोळी लपवितात. मी अशा घरी गेलो आहे. रात्रभर विव्हळणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांची गोळी मुलाने देवघरात कुलूपबंद करून ठेवली होती. अशा वेदनेत मॉर्फिन हा रुग्णाचा हक्क आहे. ते मिळणे सोपे व्हावे म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. घराण्यात व्यसन असेल तर देखरेख जास्त ठेवावी. वेदना सोसायला लावू नये.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ट्रॅमाडॉल २०१४ पासून अशा यादीत आहे की दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ते द्यायचे नाही, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. तरी माझी एक चिठ्ठी चौदा महिने चालली. दुकानदारांना मी एकट्यांना दोष देत नाही. त्या चिठ्ठीवर ‘पाच दिवसांनंतर देऊ नये’ असे ठळक लिहायला मला काय झाले होते? आता लिहितो.

तरुणाचे पुढे काय झाले, ते वाचकांना जाणून घ्यायचे असेल. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात त्याचे उपचार सुरू झाले. अशा गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. घरच्यांनी खोलीत कोंडून ‘सुटेल आपोआप’ म्हणणे फार धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीत पायरीपायरीने कमी करतात, काहींना ब्युप्रेनॉर्फिन नावाचे औषध बराच काळ देतात. ‘एक सोडून दुसरी गोळीच की!’ असे नातेवाईक म्हणतात. मधुमेह्याला इन्सुलिन देताना तसे कोणी म्हणत नाही. पहिल्या खेपेला तो अडीच महिन्यांनी घसरला. पत्नीने पुन्हा नेले. आता आठ महिने झाले आहेत. रात्रपाळी मालकाने बदलून दिली, हे मला औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते. ज्यांना असा प्रश्न असेल आणि कोणाशी बोलायचा संकोच वाटत असेल, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. नाव सांगितले नाही तरी चालते.

गेल्या महिन्यात धाकट्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. भुलीच्या डॉक्टरांना त्याने आपण होऊन सांगितले, “आमच्या घरात हे आहे, बघून द्या.” दुसऱ्या दिवसापासून साध्या गोळीवर त्याचे भागले.

या दोघांना एक बहीण आहे. तिची सोयरीक बघणे चालू आहे. आई परवा दवाखान्यात आली, पेशंट संपेपर्यंत बसून राहिली आणि मग हळूच म्हणाली, “पाहुण्यांना थोरल्याचं सांगावं लागतंय का हो? पोरीच्या पोरांत उतरतंय म्हणतील.” मी म्हणालो, “बाई, मधुमेह उतरतो, रक्तदाब उतरतो, तेवढंच हे. त्यांच्या घरात काय आहे तेही विचारा की.” ती हसली नाही. सांगायचे की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही. थोरला म्हणतो, सांगा.